कॅलरी मोजायच्यात? आधी तेलाचा डबा बघा

दीड वर्षापूर्वी माझं वजन ७३ किलो होतं, आता ६५-६६ च्या मध्ये असतं, आणि भेटणारी प्रत्येक बाई पहिला प्रश्न हाच विचारते की काय सोडलंस गं, भात का? भात नाही सोडला. रविवारचा तांबडा-पांढरा पण नाही सोडला, कोल्हापुरात राहून तो सोडायचा म्हणजे मग गावच सोडलेलं बरं. फक्त मोजायला लागले. आणि मोजायला लागल्यावर कळलं की इतकी वर्षं मी ज्याला दोष देत होते तो भात बिचारा बऱ्यापैकी निर्दोष होता, खरा घोळ फोडणीत, कूटात आणि चहात होता. तर नवीन सुरू करणाऱ्यांसाठी मी कसं केलं ते सगळं लिहिते, आकड्यांसकट, कारण बाहेर जे चार्ट मिळतात त्यात सकाळी ओट्स आणि दुपारी ग्रिल्ड काहीतरी असतं आणि आपल्या घरी पाच माणसांचं एकच पातेलं असतं.

आधी कोणी हे स्वतःच्या मनाने करू नये ते. गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, वय १८ च्या आत असेल, शुगरसाठी इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असतील (खाणं कमी केलं आणि गोळी तीच ठेवली तर शुगर एकदम खाली जाऊ शकते), किडनीचा त्रास असेल किंवा पूर्वी कधी खाण्यावरून उपाशी राहणं, ओकून टाकणं असलं काही झालेलं असेल तर आधी डॉक्टर, मग काटा. थायरॉईडवाल्यांनी पण एकदा रिपोर्ट करून घ्या, उगीच दोन महिने मोजून मग चिडचिड नको.

पहिलं काम: काटा आणा

किचनचा डिजिटल काटा, ५ किलोपर्यंत वजन घेणारा आणि एक एक ग्रॅम दाखवणारा, काहीशे रुपयात मिळतो. घेताना एवढंच बघा की त्याला टेअरचं बटण आहे, म्हणजे रिकामी वाटी ठेवायची, बटण दाबायचं, आकडा शून्य होतो, मग त्यात घालाल तेवढंच वजन दिसतं. ह्या एका बटणावर सगळा खेळ आहे. वाटी-चमच्याच्या मापावर सुरुवातीला अजिबात विश्वास ठेवू नका. मी चहात दोन चमचे साखर घालते असं छातीठोकपणे सांगायचे, काट्यावर घातली तर १४ ग्रॅम निघाली. चमचा दोनच, पण डोंगर करून.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी मला कांदा काट्यावर ठेवताना बघितलं आणि म्हणाल्या, "काय गं, सोनं तोलतीस का काय?" हे होणार. घरात दोन आठवडे चेष्टा होते, मग सगळ्यांना सवय होते, आणि मग दिवाळीत लाडवाचं प्रमाण चुकू नये म्हणून तेच लोक काटा मागायला येतात.

दुसरं: एक आठवडा काहीच बदलू नका, नुसतं लिहा

हे सगळ्यात जास्त लोक टाळतात कारण उत्साह असतो, सोमवारपासून एकदम काकडी आणि सूप. नको. आठ दिवस जसं खाता तसंच खा आणि वहीत किंवा मोबाईलमध्ये लिहा. काय, किती ग्रॅम, किती वाजता. ज्याचं वजन करता आलं नाही ते अंदाजे लिहा पण लिहा. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी संपवली, लिहा. आमटी तीनदा चाखली, लिहा. ऑफिसात कोणाचा तरी वाढदिवस होता आणि केकचा "छोटासाच" तुकडा, लिहा.

माझ्या त्या आठवड्याच्या वहीत एक गोष्ट अशी निघाली की मी रोज साधारण २५० कॅलरी उभ्याने खात होते. म्हणजे ताटावर बसून नाही, ओट्याशी. डब्यात बसलं नाही म्हणून उरलेला पोळीचा तुकडा, मुलीने ठेवलेला भात, भडंगाचा डबा उघडला की एक मूठ, दुधाच्या पातेल्यावरची साय. ह्याला आपण जेवण म्हणतच नाही त्यामुळे "मी तर काहीच खात नाही तरी वजन वाढतंय" असं खरंच मनापासून वाटतं. मलाही वाटायचं.

तिसरं: तुमचा आकडा काढा

कॅलरी म्हणजे ऊर्जेचं माप, पाकिटावर केकॅल लिहिलेलं असतं तीच आपण बोलतो ती कॅलरी. माझी धाकटी बहीण ऑस्ट्रेलियात आहे, तिकडे पाकिटावर किलोज्यूल असतात, तिने पहिल्या दिवशी फोन करून सांगितलं की एका बिस्किटात ३०० कॅलरी आहेत आणि ती आता काहीच खाणार नाही. किलोज्यूलला ४.१८४ ने भागायचं, झालं.

शरीर नुसतं पडून राहिलं तरी किती जाळतं त्याचा अंदाज काढायला मिफ्लिन-सेंट जिओर म्हणून एक सूत्र आहे, १९९० चं, बरेचसे ऍप हेच वापरतात. वजन किलोत गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, आणि शेवटी पुरुषांनी ५ मिळवायचे, बायकांनी १६१ वजा करायचे. माझं तेव्हाचं: ७३० अधिक ९७५ वजा २१० वजा १६१, म्हणजे १३३४. मी पतसंस्थेत दिवसभर खुर्चीवर, म्हणून त्याला १.२ ने गुणलं, आले १६००. थोडं चालणं-फिरणं असेल तर १.३७५ ने गुणतात, पण माझं ऐका, सुरुवातीला स्वतःला १.२ मध्येच धरा. घरकाम करतो म्हणजे आपण फार ऍक्टिव्ह आहोत असं सगळ्यांनाच वाटतं.

आता १६०० म्हणजे वजन आहे तिथे राहील एवढं खाणं. त्यातून ३०० ते ५०० कमी करायचे. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, म्हणजे रोज ३०० कमी केले तर महिन्याला किलोभर जातं. फार हळू वाटतं ना? मलाही वाटलं आणि मी पहिल्या आठवड्यात १००० वर गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी बसस्टॉपजवळ दोन वडापाव आणि वर एक भजीची प्लेट, रडत रडत खाल्ली म्हटलं तरी चालेल. बायकांनी १२०० च्या खाली आणि पुरुषांनी १५०० च्या खाली डॉक्टरच्या देखरेखीशिवाय जायचंच नाही असं साधारण सगळे सांगतात, आणि माझ्या अनुभवाने सांगते की जायची गरजही नाही. मी १३०० धरले, आणि १३५० झाले तरी ओके.

मुळात कमी करायची गरज आहे का हे बघायला बीएमआय काढा (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग), पण आपल्या लोकांसाठी मर्यादा कमी धरतात हे लक्षात ठेवा, २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा. आणि टेप घेऊन कंबर मोजा, बायकांची ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर लक्ष द्यायला पाहिजे, भले वजन बरोबर दिसत असेल. हातपाय काडीसारखे आणि पुढे पोट असे काका आपल्याकडे घरोघरी आहेत.

चौथं, आणि माझ्या मते अर्धी लढाई: तेल

एक ग्रॅम स्टार्चमध्ये (पिठाचा, भाताचा मुख्य भाग) किंवा साखरेत ४ कॅलरी, प्रोटीनमध्ये पण ४, आणि तेला-तुपात ९. कुठलंही तेल घ्या, शेंगदाणा, करडई, सनफ्लॉवर, ऑलिव्ह, घाण्याचं, सगळ्यांना ९. पाकिटावर हार्ट काढलेलं असलं तरी ९. घाण्याचं तेल चांगलं असेल पण त्याने बारीक होत नाही कोणी.

आता हिशोब करा. महिन्याला घरात तेल किती येतं? आमच्याकडे ५ लिटरचा डबा महिनाभर जायचा, माणसं पाच. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे ५ लिटरचे ४५५० ग्रॅम, त्याच्या जवळजवळ ४१ हजार कॅलरी, भागिले पाच माणसं, भागिले तीस दिवस. माणशी रोज २७३. म्हणजे मला जे ३०० कमी करायचे होते ते जवळपास तेवढेच फक्त तेलात बसलेले होते, आणि ह्यात तूप, लोणी, कूट, खोबरं काही धरलेलं नाही. (तळणीचं उरलेलं फेकून देता तेवढं वजा करा, पण खरं सांगा, फेकतं कोण.)

उपाय काय केला तर तेलाच्या किटलीतून कढईत थेट धार धरणं बंद. किटली काट्यावर ठेवायची, शून्य करायचा, कढईत तेल ओतायचं, किटली परत काट्यावर, जेवढं वजा दिसेल तेवढं तेल गेलं. पाच सेकंदाचं काम. पहिल्यांदा मी साध्या मेथीच्या भाजीला नेहमीच्या हाताने ओतलं, ४२ ग्रॅम. जुडीभर मेथीला. ती भाजी १५ ग्रॅममध्ये झाली नंतर, जिरं-लसूण आधी नीट तडतडू दिलं आणि झाकण ठेवून वाफ काढली की चवीत फरक घरात कोणाला कळला नाही. मी मुद्दाम सांगितलंच नव्हतं. आठवड्याने सांगितल्यावर मात्र सासऱ्यांना एकदम भाजी कोरडी लागायला लागली.

आता आमच्याकडे महिन्याला साडेतीन लिटर लागतं.

पाचवं: पातेल्याचं गणित

सगळे इथेच अडकतात. भाजी सगळ्यांची एकत्र, मग माझ्या वाटीत किती? ऍपमध्ये "पोळी" टाइप केलं तर ७० पासून २०० पर्यंत दहा नोंदी येतात, लोकांनीच भरलेल्या, त्यातली आपली कुठली? कुठलीच नाही. म्हणून घरचं घरीच मोजायचं आणि ते ताटावर नाही, पातेल्यावर मोजायचं.

असं करा. घरातली सगळी पातेली, कढया, कुकरची भांडी रिकामी असताना एकदा वजन करून घ्या आणि यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. स्वयंपाक करताना कच्च्या वस्तूंचं वजन लिहा, त्यांच्या कॅलरींची बेरीज करा. शिजल्यावर पातेल्यासकट वजन, त्यातून पातेलं वजा. बेरजेला त्या वजनाने भागा, एका ग्रॅमचा आकडा मिळाला. मग स्वतःच्या वाटीत जेवढे ग्रॅम घ्याल तेवढ्याने गुणा.

आमची साधी चिंच-गुळाची आमटी घ्या. तूरडाळ १५० ग्रॅम म्हणजे ५१०, तेल २० ग्रॅम म्हणजे १८०, सुकं खोबरं १५ ग्रॅम म्हणजे १००, गूळ १० ग्रॅमचे ४०. चिंच, मसाला सोडून द्या. एकूण ८३०. आमटी शिजून भरली १३०० ग्रॅम. म्हणजे ग्रॅमला ०.६४, दीडशे ग्रॅमची भरलेली वाटी ९६ कॅलरी. स्वस्त! दोन वाट्या प्या.

आता भरली वांगी. अर्धा किलो वांगी, त्यांच्या फक्त १२०. कूट ८० ग्रॅम, ४५४. सुकं खोबरं ३० ग्रॅम, २००. तीळ १० ग्रॅम, ५७. गूळ १५, अजून ५७. कांदा ४५ धरा. आणि तेल ४५ ग्रॅम, कारण भरल्या वांग्याला तवंग नाही आला तर ती भरली वांगी नाहीत असं आमच्याकडे कायदा आहे, त्याचे ४०५. बेरीज १३३८. शिजून वजन ७८०. ग्रॅमला १.७ च्या वर. तीच दीडशे ग्रॅमची वाटी आता २५७ ची. आणि त्या तेराशेत वांग्याचा वाटा बघा, शंभर-सव्वाशे. आपण म्हणतो काय, तर "मी दुपारी नुसती वांग्याची भाजी खाल्ली".

मी भरली वांगी बंद नाही केली. कूट ५० वर आणलं, तेल २५, खोबरं निम्मं, आणि भरपूर कांदा भाजून सारणात घातला. शिवाय ज्या दिवशी भरली वांगी त्या दिवशी पोळी एक कमी. एवढंच.

कच्च्या वस्तूंचे आकडे कुठून घ्यायचे तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स काढलेत, त्यात आपल्या डाळी, भाज्या, मासे, सगळं आहे, फक्त ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलीय तेव्हा परत ते ४.१८४. पण रोजचे वीस-पंचवीस पदार्थच असतात हो घरात, एकदा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले की झालं. शंभर ग्रॅमला म्हणाल तर: गव्हाचं पीठ ३४० च्या आसपास, ज्वारीचं पण तेवढंच, कच्चा तांदूळ ३५०, डाळी ३४०, बेसन ३८५, शेंगदाणे ५६५, साबुदाणा ३५०, पोहे पण ३५० च्या आसपास, बटाटा ७५, कांदा ४५ आणि पालेभाज्या ३०-३५ च्या पुढे फारशा जात नाहीत.

पंधरा दिवस हे केलं की पुढे रोज करावं लागत नाही, कारण आपण त्याच भाज्या फिरवून फिरवून करतो.

पोळी, भाकरी, भात

पोळीसाठी सोपी युक्ती: सकाळी कणीक किती घेतली त्याचं कोरडं वजन आणि पोळ्या किती झाल्या ते मोजा. ५०० ग्रॅम पिठाच्या आमच्याकडे १८ होतात, म्हणजे पोळीला २८ ग्रॅम पीठ, ९५ कॅलरी, आणि घडीत लावलेलं तेल धरून १२० च्या आसपास. तेल न लावता फुलका केला तर ते पंचवीस वाचतात, चार पोळ्यांचे शंभर.

भाकरीबद्दल एक गैरसमज आहे तो इथेच काढते, नंतर भांडा माझ्याशी. ज्वारीच्या पिठात गव्हाच्या पिठापेक्षा कॅलरी काही फार कमी नसतात. आमच्या सासूबाईंची भाकरी ७० ग्रॅम पिठाची, म्हणजे २३५ ची एक. ती दोन पोळ्यांइतकी झाली. भाकरीचा फायदा हा की तिला तेल लागत नाही आणि एका भाकरीत पोट भरतं, पण "भाकरी आहे ना, मग काय" म्हणून अडीच खाल्ल्या तर काटा तेच दाखवणार जे दाखवायचं ते.

भात कच्चा मोजा. १०० ग्रॅम तांदळाचा आमच्या कुकरात २८० ग्रॅम भात होतो, म्हणजे शिजलेल्याच्या ग्रॅमला सव्वा कॅलरी. मी रात्री १२० ग्रॅम भात घेते, १५० कॅलरी. त्यावरचं तूप वेगळं मोजा, चमचाभर म्हणता ते ४-५ ग्रॅम असेल तर ४०-४५, पण आजीच्या हातचा "चमचा" असेल तर बोलायलाच नको.

चहा

माझा एक कप: ६० मिली म्हशीचं फुल क्रीम दूध, ५२ कॅलरी, आणि त्या डोंगरी दोन चमच्यांचे ५६. एकशेआठ. दिवसाला तीन, म्हणजे सव्वातीनशे. सोबत ग्लुकोजची चार बिस्किटं असतील तर प्रत्येक वेळी आणखी शंभरेक. चहा सोडणं मला जमणार नव्हतं, म्हणून साखर दर आठवड्याला २-२ ग्रॅमने कमी करत ४ वर आणली आणि दूध टोन्ड केलं. आता कप साधारण ५० चा आहे. एकदम बिनसाखरेचा करू नका, दोन दिवसात वैतागून बासुंदी प्याल.

भूक लागते त्याचं काय

पहिले दहा दिवस लागणार. पण सतत लागत असेल तर बहुतेक प्रोटीन कमी पडतंय. आपलं नेहमीचं शाकाहारी ताट पोळी-भाजी-भात असं असतं, त्यात वरण एवढं पातळ की तळ दिसतो. किलोला निदान १ ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे ७० किलोला ७० ग्रॅम. अंड्यात ६, आणि कॅलरी फक्त ७०-७५. शंभर ग्रॅम कच्च्या चिकनच्या छातीच्या तुकड्यात २२-२३. सोयाबीनच्या वड्या कोरड्या ३० ग्रॅम भिजवून टाकल्या की १५. डाळ किंवा मटकी कच्ची ५० ग्रॅम म्हणजे ११-१२. दही १०० ग्रॅमला ३-४ च. पनीर चांगलं पण त्यात फॅट पण तेवढंच येतं, शंभर ग्रॅमला २६०-३०० कॅलरी होतात, तर पनीर म्हणजे प्रोटीन म्हणून बिनधास्त खाऊ नका.

माझी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे संध्याकाळी सहाला, ऑफिसमधून आल्या आल्या, मोड आलेली मटकी कांदा-टोमॅटो-लिंबू घालून. त्या वेळेला पोटात काही नसेल तर भडंगाचा डबा आपोआप उघडतो. भडंग, फरसाण, चिवडा हे सगळं शंभर ग्रॅमला ४५०-५५० मध्ये असतं, पाकीट उलटं करून बघा, आणि बघताना "पर सर्व्ह" नाही "पर १०० ग्रॅम" बघा, कारण सर्व्ह म्हणजे त्यांनी वीस-तीस ग्रॅम धरलेलं असतं आणि तेवढं खाणारा माणूस मी पाहिलेला नाही.

उपास, बाहेरचं आणि सणवार

उपासाने वजन कमी होतं हा आणखी एक गैरसमज. संकष्टीची माझी साबुदाणा खिचडी मी मोजली: साबुदाणा ७५ ग्रॅम २६३, कूट ३० ग्रॅम १७०, बटाटा ४५, तूप १२ ग्रॅम १०८, साखर चिमूटभर. एक प्लेट सहाशेला टेकली. वर ताक, वेफर्स, आणि चंद्रोदयानंतर मोदक. मी आता उपासाला ५० ग्रॅम वरी आणि थोड्या कूटाची दाण्याची आमटी खाते, तीनशेच्या आत बसतं, नाहीतर उकडलेलं रताळं आणि दूध. श्रद्धा तीच राहते.

बाहेर खाताना अचूक मोजता येत नाही, तिथे अंदाज करा आणि अंदाजाला वीस टक्के वर घाला, कारण आपला अंदाज कायम आपल्या बाजूचा असतो. वडापाव ३०० धरा. मिसळीत उसळ निरुपद्रवी, फरसाण आणि कट हे दोघं भारी, त्यामुळे मी कट वेगळ्या वाटीत मागते आणि ब्रेडच्या दोनच स्लाईस. तांबडा-पांढऱ्याच्या दिवशी तांबड्यावरचा तवंग बाजूला सारून घेते, पांढऱ्यात नारळाचं दूध असतं म्हणून एक वाटी, आणि मटण मात्र पोटभर. लग्नाच्या पंगतीत मोजायच्या भानगडीत पडूच नका, जेवा, अंदाजे १२०० लिहा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून "भरपाई" करायला गेलात की तिसऱ्या दिवशी बसस्टॉपजवळचा वडापाव ठरलेला.

आणि चाललात म्हणून जास्त खाऊ नका. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाचे एक किलोमीटर चालून ५० च्या आसपास जळतात. रंकाळ्याला फेरी मारून घाम पुसत समोरच्या गाड्यावर भेळ खाणारे रोज दिसतात, त्यात मी पण होते. चालणं चांगलंच, मी रोज चालते, पण घड्याळाने दाखवलेले आकडे खाण्याच्या वहीत मिळवत नाही.

वजन कसं बघायचं

रोज सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, आणि आठवड्याची सरासरी. एका दिवसाच्या आकड्याला किंमत देऊ नका. माझा एक आठवडा असा होता: ७२.४, ७२.९, ७२.१, ७३.२, ७२.६, ७२.०, ७१.९. तो ७३.२ म्हणजे चुलत नणंदेच्या मुलाच्या मुंजीचं जेवण, मिठाने धरलेलं पाणी आणि पोटातला भात, चरबी नाही. सरासरी आली ७२.४, आधीच्या आठवड्याला ७२.८ होती. म्हणजे चाललंय. पाळीच्या आधी तर किलो-दीड किलो असंच वर जातं, ते महिना-महिना तुलना करूनच कळतं. आणि उलटंही आहे, पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले तर पार्टी देऊ नका, त्यात बरंचसं पाणीच असतं.

सरासरी तीन-चार आठवडे जागची हलली नाही तर लगेच खाणं आणखी कमी करू नका. आधी परत आठ दिवस सगळं काट्यावर. माझं पाचव्या महिन्यात अडकलं होतं, मला वाटलं शरीराने हट्ट धरला, प्रत्यक्षात तेल परत हाताने पडायला लागलं होतं आणि भात "साधारण तेवढाच" झाला होता. तेवढाच म्हणजे १९० ग्रॅम. ते सगळं ठीक असेल तर सूत्रात नवीन वजन घालून आकडा परत काढा, ६६ किलोला माझे १६०० चे १५०० झालेत, म्हणजे आधी ज्यात बारीक होत होते त्यात आता दोन-तृतीयांश वेगानेच होणार. आणि काट्याचे सेल बदला, माझा एकदा महिनाभर सगळंच थोडं कमी दाखवत होता आणि मी खुशीत होते.